पायाचा पियानो

सायकलींची पंक्चरं काढणाऱ्या माणसाला पियानो कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याने विचारलं, समोरच्या चहावाल्याने तर दोनदा विचारलं. पंक्चरवाल्याने कुणालाच दाद दिली नाही. बोलण्याच्या बाबतीत तो मुळातच चिक्कू. चाळीस वर्षं ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतो ते बघण्यात गेली, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सवय अंगात मुरली होती.

कारण घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं होतं. त्याची थोरली बहीण, ताई. नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवला, मारला, शाळेत घातला आणि शाळा झेपत नाही म्हटल्यावर सायकलच्या दुकानात नेऊन बसवला. चार महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना ती मोरीत बसली ती डाव्या अंगाने उठलीच नाही. जीभ दुसऱ्या दिवशी परत आली, आणि आली ती पहिल्यापेक्षा तिखट होऊन. हात पंधरवड्यात आला. पाय मात्र आला नाही. डॉक्टरीणबाईंनी पंक्चरवाल्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "पायात जीव आहे, पण त्या वापरत नाहीत. सहा महिन्यांत हलला तर हलला. पुढे मला सांगता येणार नाही."

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. पाय वर, एक, दोन, तीन. ताईने चौथ्या दिवशी रबराचा पट्टा खिडकीबाहेर फेकला.

"मी काय कवायत करणारी पोर आहे?" ती भावावर कडाडली. "कुणीतरी आकडे मोजायचे आणि मी हवेत लाथा मारायच्या. पाय हलवायचा तर त्याने काहीतरी व्हायला हवं, धाकट्या. पाय हलला आणि जगात कुठे काही झालंच नाही, तर कशाला हलवू?"

हा हट्ट वाटेल तुम्हाला. हट्ट होताच. पण त्यामागे बावीस वर्षांची नोकरी होती. पलीकडच्या रस्त्यावर एक नाचाचा वर्ग होता, मोठा हॉल, लाकडी जमीन, भिंतभर आरसा. तिथे पायाने वाजवायचा पियानो होता. त्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी घालायची, खालचे दोन पायटे पाळीपाळीने दाबायचे, की पट्ट्या आपोआप खालीवर होतात आणि गाणं वाजतं. ते पायटे बावीस वर्षं ताईने दाबले. बोटांनी तिला साधी सरगमही वाजवता येत नव्हती. लोक हसायचे, म्हणायचे, ही पायाने गाते. हसू देत. पण नाचणाऱ्या मुलींची पावलं अडखळली की ती पायानेच चाल सावरून घ्यायची, आणि ते फक्त वर्गाच्या मालकीणबाईंना कळायचं.

तर तो वर्ग बंद झाला होता आणि हॉल आता रिकामा व्हायचा होता. पियानो कुठे जाणार हे विचारायला पंक्चरवाला गेला तेव्हा मालकीणबाई खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ मात्र अजून ताठ. त्याने ताईचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"एक हॉटेलवाला मागे लागलाय," त्या म्हणाल्या. "आतली यंत्रं काढून टाकणार आणि तिथे बाटल्या मांडणार. मला ते आवडत नाही. पण अडाण्याच्या हातात देणंही आवडत नाही. असे पियानो हौसेने घरी नेलेले मी पाहिलेत. वर्षाच्या आत एक स्वर मुका होतो, मग दहा, मग वर फुलदाणी येते. तुला त्यातलं काय कळतं?"

"हवेचं कळतं थोडंफार," तो म्हणाला.

"थोडंफार नको. मास्तरांकडे जा आणि शीक. तीन आठवड्यांनी शनिवारी चार वाजता हमाल येतील. त्याआधी एक गुंडाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली पाहिजे, एकही स्वर न गळता. वाजली तर तुझ्या घरी. नाही तर हॉटेलात."

मास्तर म्हणजे पियानो दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. पन्नास वर्षं हेच काम करून हात आता थरथरायला लागले होते, म्हणून काम सोडलेलं. रागीट म्हणावं तर आवाज कधी चढायचा नाही. चूक झाली की ते फक्त चष्मा काढून पुसत बसायचे, आणि समोरच्याला दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलमध्ये पियानोची खालची फळी काढली. "काय दिसतं?"

"भाता," पंक्चरवाला म्हणाला. "पायटा दाबला की हवा भरतो."

मास्तरांनी चष्मा काढला. "भरत नाही. ओढतो. हे सगळं यंत्र आतली हवा ओढून घेण्यावर चालतं. चाळीस वर्षं तू हवा भरत आलास ना? ते सगळं दाराबाहेर ठेवून ये."

मग रोज दुपारी दुकान चाव्यावाल्यावर सोपवून तो शिकायला लागला. वरच्या पितळी पट्टीला अठ्ठ्याऐंशी बारीक भोकं. प्रत्येक भोकाला मागून एक रबरी नळी. कागदावरचं भोक पट्टीवरच्या भोकासमोर आलं की बाहेरची चिमूटभर हवा नळीत शिरते आणि आतली पातळ चामड्याची टिकली उचलते. टिकलीने झडप उघडते. झडप उघडली की छोटा भाता चेपतो आणि हातोडी तारेवर पडते. हे कळायला त्याला चार दिवस लागले, आणि कळलं तेव्हा तो एकटाच हसला, इतका त्याला त्या करामतीचा आनंद झाला.

यंत्र घेण्याआधी काय काय बघायचं तेही मास्तरांनी त्याच्याकडून घोकून घेतलं. सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करून पायटे दाबायचे: जड लागले तर आत हवा धरते, हलके लागले तर कुठेतरी गळती आहे. चालीची, म्हणजे कागदाचा वेग ठरवणारी, दांडी शून्यावर आणायची: कागद तसूभरही सरकता कामा नये. तारांच्या खुंट्या ढिल्या आहेत का बघायचं, लाकडाला वाळवी, चिरा आहेत का बघायचं. आणि सगळ्यात आधी भोकं मोजायची, कारण जुन्या यंत्रांना पासष्टच असतात, आणि लोक अठ्ठ्याऐंशीच्या गुंडाळ्या घेऊन त्यांच्यासमोर कपाळाला हात लावून बसतात.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. मुद्दामच सांगितलं नव्हतं. आधी आशा लावायची आणि मग हॉटेलवाल्याने ती उचलून न्यायची, हे त्याला सहन झालं नसतं. ती रोज विचारायची, दुपारचा कुठे उंडारतोस, हाताला सरसाचा वास कसला येतो. तो म्हणायचा, काम आहे. तिकडे डावा पाय पाटावर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. पोटरी बारीक होत चालली होती. पायमोजा चढवताना ते त्याच्या हाताला रोज कळायचं.

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी, मास्तर डोळे दाखवायला गेलेले असताना, त्याने एकट्याने गुंडाळी लावून पाहिली. वाजली. छानच वाजली, पण वरच्या अंगाचे पाच स्वर मुके. त्याने अंदाज केला, आणि अंदाज बरोबर होता: कागदाचा भुगा पट्टीच्या भोकांत बसला असणार. आता असा भुगा काढायला मास्तरांची एक छोटी पिचकारी होती, ती भोकावर लावून कचरा बाहेर ओढायचा. पिचकारी मास्तरांच्या पिशवीत, पिशवी मास्तरांबरोबर. आणि याच्या सायकलला, नेहमीप्रमाणे, पंप लटकवलेला.

डोक्याने शिकलेलं तीन आठवड्यांचं, हाताने शिकलेलं चाळीस वर्षांचं. कचरा अडकलाय? मार हवा. त्याने पंपाची रबरी टोपी भोकावर दाबली आणि एक दट्ट्या दिला. फस्. दुसरं भोक. फस्. पाचांवर थांबला असता तरी निभावलं असतं, पण हाताला लय सापडली. आजूबाजूची भोकंही साफ करून टाकू म्हणून तो पुढे गेला. तेराव्या भोकाला दट्ट्याखाली काहीतरी मऊ सुटल्यासारखं लागलं. ट्यूबवरचं ठिगळ सुटतं तेव्हा लागतं अगदी तसं. तेव्हा कुठे त्याला आपण काय करतोय ते उमगलं: हवेच्या माराने आतल्या टिकल्या फाटत होत्या.

त्याने गुंडाळी पुन्हा लावली. वरचे तेरा स्वर सलग मुके. पियानो अर्ध्या दातांच्या तोंडासारखा वाजत होता. पंक्चरवाला पंप मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिला. ताईचा पाय आपण आपल्या हाताने मारला, असंच त्याला वाटलं, आणि ते खोटं म्हणायला जवळ कुणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने मास्तरांना सांगितलं. लपवाछपवी केली नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"किती भोकं?"

"तेरा."

"पंपाने?"

"हो."

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "माझ्या हाताने आता टिकली बसत नाही. तू बसवायची. मी खुर्चीत बसेन."

तारांसमोरचा यंत्राचा आडवा खोका स्क्रू काढून खाली घेतला, उघडला. तेरा टिकल्या, कुठली फाटलेली, कुठली कडेने सुटलेली. पातळ चामडं कापायचं, गरम सरस लावायचा, वाटीच्या आकाराच्या खोलगट जागेवर बसवायचं. कापण्यात पंक्चरवाल्याचा हात कुणी धरला नसता. पण चिकटवताना पुन्हा जुनं खोड निघालं. ठिगळ म्हणजे ताणून, दाबून, घट्ट. पाच टिकल्या त्याने ढोलासारख्या ताणून बसवल्या.

"उपट," मास्तर म्हणाले.

"घट्ट बसल्यात की."

"म्हणूनच उपट. तिला वर उचलायला जागा नको? ढिली राहू दे. मधे खळगा पडला पाहिजे."

घट्टपणावर ज्याने सगळी जिंदगी काढली, त्याला ढिलं बसवायला सांगणं म्हणजे उलट्या हाताने लिहायला लावणं. पाच उपटल्या, पुन्हा कापल्या. श्वास रोखून, बोटाच्या टोकाने नुसतं टेकवत तेराही बसवल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. नळ्यांतला भुगा मास्तरांच्या पिचकारीने ओढून काढला. खोका शनिवारी दुपारी एकला जागेवर गेला. सरस नीट वाळायला अजून एक दिवस हवा होता, आणि तो दिवस त्यांच्याकडे नव्हता.

साडेतीनला मालकीणबाई आल्या. त्यांच्यामागोमाग चार हमाल, पट्टे आणि घोंगड्या घेऊन. पंक्चरवाल्याने गुंडाळी अडकवली आणि पायटे दाबायला बसला.

"ताई कुठेय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"घरी. मी वाजवतो ना."

"यंत्र तिच्यासाठी नेतोयस म्हणालास. तिला विचारलंस?"

तीन आठवड्यांत त्याने अठ्ठ्याऐंशी नळ्या पाठ केल्या होत्या. हे एवढं विचारायचं राहिलं होतं.

"तिला नकोच असेल तर?" बाई म्हणाल्या. "पाय गेलेल्या बाईसमोर पायाचा पियानो नेऊन ठेवायचा. ती तो नुसता बघत बसेल की वाजवेल, तुला काय ठाऊक? घेऊन ये. तीच वाजवेल. चारपर्यंत थांबते."

तो धावत सुटला. घर दोन गल्ल्या पलीकडे. ताई खुर्चीत बसून मटार सोलत होती. त्याने धापा टाकत सगळं ओकून टाकलं: पियानो, मास्तर, हॉटेलवाला. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"माझ्या पाठीमागे? कुणाच्या परवानगीने? माझी दया करायला तू कोण लागून गेलास रे?"

"ताई, भांडायला अख्खी रात्र पडलीय. ते त्याचं पोट काढून आत बाटल्या ठेवणार आहेत."

सोललेले मटार तिने बाजूला ठेवले. "कोण ठेवणार आहे?"

"चल, दाखवतो."

चाकाची खुर्ची ढकलत तो रस्त्याने अक्षरशः पळाला. हॉलच्या पायरीवर हमालांनीच खुर्ची उचलून आत घेतली. ताईने मालकीणबाईंकडे पाहून नुसती मान हलवली. दोघींना एवढं पुरत असे. मग तिने नाक वर केलं.

"सरस. हा उघडला कुणी?"

"मी," पंक्चरवाला म्हणाला. "भोकांत पंपाने हवा मारली. टिकल्या फाटल्या. नव्या बसवल्यात, पण ओल्या आहेत."

"पंपाने," ताई म्हणाली. पुढे ती काहीच बोलली नाही, यावरूनच ती किती संतापली होती ते कळावं.

तिला उचलून बाकावर बसवली. उजवा पाय तिने पायट्यावर स्वतः ठेवला. डावा त्याने ठेवला. थंड होता. ताईने चालीची दांडी सत्तरवर नेली आणि उजव्याने दाबलं.

गाणं सुरू झालं, आणि ते लंगडत होतं. उजवा पाय दाबला की मोठा आवाज, सुटला की बारीक. मोठा, बारीक. कागद पुढे सरकायचा, दमायचा, पुन्हा सरकायचा. ताईच्या कपाळाची शीर टरारून फुगली. तिला ते ऐकवत नव्हतं. मुलींची पावलं सावरणारी बाई ती, आणि तिच्याच पायाखाली असलं बेताल.

पंक्चरवाल्याचा जीव मात्र कागदात अडकला होता. गुंडाळी वरून उतरत होती, आणि पुढे काय येणार ते दिसत होतं. वीतभर वर भोकांनी कागदाची नुसती चाळण झाली होती. त्या जागी वीस-वीस स्वर एकदम वाजायचे. प्रत्येक भोक आतली ओढ खाणार. एका पायाने एवढी ओढ निघत नाही, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. नसतं शिकलं तर बरं झालं असतं. चाळण चार बोटांवर आली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने डावा पायटा हाताने दाबायला हात पुढे केला. मास्तरांनी मागून त्याची कॉलर धरली.

"हात लावशील तर बघ," ताई वरून म्हणाली.

चाळण पट्टीवर आली. पहिले दोन झंकार उठले आणि आवाज बसला. कागद जागच्या जागी थरथरायला लागला. पट्ट्या अर्ध्या खाली जाऊन राहिल्या. हॉलमध्ये फक्त हवेची सुरसुर. ताई उजव्या पायाने दणादण दाबत होती आणि काही होत नव्हतं. एका हमालाने घोंगडी उलगडायला घेतली. मालकीणबाईंनी डोळे मिटले.

"चल मेल्या," ताई दातओठ खाऊन म्हणाली. भावाला नव्हे. पायाला.

खाली गुडघ्यांवर बसलेल्या पंक्चरवाल्याच्या नाकासमोर डावा पायटा बोटभर खाली गेला आणि वर आला. त्याला वाटलं, आपल्याला भास झाला. पायटा पुन्हा खाली गेला, या वेळी दोन बोटं, आणि बिजागरी कुरकुरली. वर कागद सरकला. चाळणीतले स्वर एकेक करत, रखडत, म्हाताऱ्याने जिना उतरावा तसे खाली आले. ताई तोंडाने शिव्या घालत होती, अशा शिव्या, की हमालही चपापले. पायटा आणखी सहा वेळा खाली गेला. पंक्चरवाल्याने मोजलं, अगदी मोजलं. मग चाळण संपली, कागद विरळ झाला, आणि उरलेलं गाणं उजव्या पायाने ओढत नेऊन ताईने संपवलं.

मालकीणबाईंनी डोळे उघडले.

"दोन स्वर गळले," त्या म्हणाल्या.

पंक्चरवाला उठून उभा राहिला. मूग गिळून बसला असता तर चाललं असतं. "चार गळले, बाई," तो म्हणाला. "वरच्या अंगाचे. दोन टिकल्या सुटल्यात, दोन ओल्या आहेत."

मालकीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मला दोनच ऐकू आले," त्या म्हणाल्या. "तुला चार ऐकू आले, म्हणजे शिकलास." मग हमालांकडे वळून म्हणाल्या, "दोन गल्ल्या पलीकडे. पत्ता हा सांगेल."

हमाल पट्टे घेऊन पुढे झाले. ताई बाकावरून हलली नाही. तिचा श्वास लागला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि डावा पाय पायट्यावर नुसता थरथरत होता.

"थांबा जरा," ती हमालांना म्हणाली. "हे फार घाणेरडं वाजलं. धाकट्या, गुंडाळी मागे घे. पुन्हा लाव."

त्याने गुंडाळी मागे घ्यायच्या दांडीकडे हात नेला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला दांडी दिसत नव्हती, म्हणून त्याने ती चाचपून शोधली आणि उलटी फिरवली.